पॉवरसाठी आलेले दोघे

वाचनालयाच्या सभागृहात सिनेमा संपला आणि त्याच क्षणी अर्धे दिवे गेले. माइकही मुका झाला. पडद्यावर नुकताच एका विचार करणाऱ्या यंत्राने अख्ख्या शहराचा ताबा घेतला होता, त्यामुळे हाही सिनेमाचाच भाग असावा असं प्रेक्षकांना वाटलं. ग्रंथपालबाई मात्र ताडकन उठल्या. चित्रपट मंडळाचे आधीचे दोन कार्यक्रम फसले होते. हाही फसला तर सभागृह कॅरम स्पर्धांना देऊन टाकू, असं अध्यक्षांनी बजावलं होतं. बाईंनी घाईघाईने वायरमनला फोन लावला. ‘यंत्र, प्रतीकं आणि सत्ता’ यावर बोलणारे प्राध्यापकही एवढ्यात यायचे होते.

दोघे एकदमच दारात आले. प्राध्यापक सायकलवरून, चुरगळलेल्या शर्टात, खांद्याला जड पिशवी लावून. वायरमन साडूच्या घरचं जेवण अर्धवट टाकून तसाच निघालेला, अंगात कडक इस्त्रीचा कोट.

“पॉवरसाठी आलात ना?” शिपाईमामांनी अंधारात विचारलं.

“हो,” दोघेही म्हणाले.

मामांनी कोटवाल्याला नमस्कार करून व्यासपीठाकडे पाठवलं आणि पिशवीवाल्याला दंडाला धरून तळघरात नेलं.

“मी आधी जरा बघून येतो,” वायरमन म्हणाला.

“बघून झालंय सगळ्यांचं. आता तुम्ही बोला,” बाई अजिजीने म्हणाल्या. “त्या यंत्राच्या कपाळावर लाल दिवा आहे ना, त्याचा अर्थ काय?”

वायरमनला बरं वाटलं. वीस वर्षांत गिऱ्हाइकांनी त्याला ‘किती वेळ लागेल’ याखेरीज काही विचारलं नव्हतं.

“लाल दिवा म्हणजे नुसता सप्लाय आलाय. यंत्र चालतंयच असं नाही. लोक उगाच घाबरतात.”

सभागृहात ‘वा’ उमटलं.

“मग खरी पॉवर कुणाकडे?” पहिल्या रांगेतल्या कवयित्रीने विचारलं.

“मेन स्विच ज्याच्या हाताशी, त्याच्याकडे. आणि तो कधी समोर नसतो. खाली, जिन्यामागे, जळमटांत असतो.”

कवयित्रीने वहीत ‘जिन्यामागे : मनाचा तळ’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

“अशा वेळी माणसानं करावं काय?”

“ओल्या हातानं शिवू नये,” वायरमन कळकळीने म्हणाला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

खाली प्राध्यापक गयावया करत होते. “अहो मामा, मी पॉवरवर बोलायला आलोय!”

“बोला की नंतर. आधी काम.” मामांनी त्यांच्या हातात टेस्टर कोंबला आणि बॅटरीचा झोत बोर्डावर टाकला.

पॉवरवर तीन पुस्तकं लिहिलेले प्राध्यापक तिच्यासमोर असे पहिल्यांदाच उभे राहिले होते. खटक्यांच्या रांगेत एकच खटका खाली पडलेला दिसला. त्यांनी टेस्टर खिशात टाकला, पिशवीतून आपलं सगळ्यात जाड पुस्तक काढलं, डोळे घट्ट मिटले आणि पुस्तकाच्या कोपऱ्याने खटका वर ढकलला.

वर लख्ख उजेड पडला. त्या उजेडात बाईंनी निमंत्रणपत्रिकेवरचा फोटो पाहिला, मग व्यासपीठावरच्या माणसाकडे पाहिलं आणि धावतच तळघर गाठलं.

“सर, माफ करा हो! भलताच घोळ झाला. वर चला, लोक थांबलेत.”

वरून पुन्हा टाळ्या ऐकू आल्या. प्राध्यापकांच्या हाताला काजळी लागली होती, केसांत जळमटं अडकली होती. ते मात्र छताकडे बघून हसत होते.

“त्यांचं छान चाललंय. बोलू द्या त्यांना,” ते म्हणाले. मग मामांच्या जवळ सरकून त्यांनी हळूच विचारलं,

“मामा, अजून कुठं काही बंद पडलंय का?”