बिनमोबाईलचा माणूस

घोटावड्याच्या अलीकडे आमचं गाव आहे. गावात शेतापेक्षा भाड्याच्या खोल्या जास्त आणि खोल्यांपेक्षा मोबाईल जास्त. अशा प्रगत गावाच्या सरपंचांची, म्हणजे भैरूंची नात सायली दुसरीत गेली, तरी दिवसभरात "चार्जर कुठंय?" याखेरीज दुसरं वाक्य बोलेना. शाळेतल्या बाईंनी बोलावून सांगितलं, की पोरीला आजार काही नाही, घरात कुणीतरी तिच्याशी बोलायला हवं. प्रकरण गंभीर होतं. ग्रामसभा बोलवावी लागली.

ठराव एकमताने झाला. रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजेल आणि आठच्या भोंग्यापर्यंत मुलांचे मोबाईल बंद राहतील. या ऐतिहासिक क्षणाचं सगळ्यांनी आपापल्या मोबाईलवर चित्रण केलं. देखरेख समितीवर माझी नेमणूक झाली. मला मूलबाळ नसल्यामुळे माझं मत निःपक्षपाती असणार, असं धरण्यात आलं.

पहिल्या दिवशी भोंगा वाजला, मुलांनी मोबाईल खाली ठेवले आणि गावावर संकट कोसळलं. मुलं बोलायला आली.

सायली आजोबांच्या मांडीला टेकली. "आबा, गोष्ट सांगा."

"थांब," म्हणत भैरूंनी गोष्ट शोधायला मोबाईल काढला. शोधता शोधता त्यांना मारुंजीतल्या एका फ्लॅटची जाहिरात दिसली आणि ते तिकडेच रमले.

"आबा, भोंगा झालाय."

"त्यो बारक्यांसाठी हाय. आमाला लोकांची कामं असत्यात."

सायली आजीकडे गेली. रत्नाबाई भजनी मंडळाच्या ग्रुपवर 'शुभ संध्या' पाठवत होत्या आणि अजून बरीच मंडळी शुभेच्छांवाचून ताटकळली होती.

घरोघरी हीच तऱ्हा. समितीकडे तक्रारी येऊ लागल्या. पोरं प्रश्न विचारतात, पोरं अंगावर येऊन बसतात, एकानं तर बापाला "तुमी एकटंच कशाला हसताय?" असं तोंडावर विचारलं. मैदानावर पिटाळावं, तर तिथं भाडेकरूंचे टेम्पो लागलेले. मग ठरावात दुरुस्ती झाली. भोंग्याच्या तासाला मुलांसोबत एक मोठं माणूस बसेल, तेही बिनमोबाईलचं.

हे वाचून होताच सभेतल्या सगळ्या माना मोबाईलमध्ये गेल्या. मग एकेकाची अडचण बाहेर पडली. कुणाला उरवड्याच्या कारखान्यातून फोन येतात, कुणाचं पेमेंट अडकतं, एकाचा तर म्हणे मोबाईल लांब ठेवला की रक्तदाब वाढतो. गाव पालथं घातल्यावर एकच पात्र माणूस सापडला, कोंडिबा. त्याचा मोबाईल भातलावणीत खाचरात पडला होता आणि चिक्कूपणामुळे त्यानं दुसरा घेतला नव्हता.

"पोरांचं मी काय करायचं?" कोंडिबानं विचारलं.

"काय न्हाई, त्यांच्याकडं नुस्तं बघायचं," भैरू म्हणाले. "जमंल का?"

"दुसरं हाय काय माझ्याकडं बघायला?"

कोंडिबाला गोष्टी येत नव्हत्या, खेळ येत नव्हते, आणि खेकसायचा तर लई. पण पोर बोलायला लागलं की तो त्याच्या तोंडाकडे बघायचा आणि मध्ये "मग?" म्हणायचा. तेवढ्यावर सायली बोलती झाली. बोळातल्या मांजरीला पिल्लं झाली होती, एकाची शेपटी तुटकी होती, त्याला बाकीची दूध पिऊ देत नव्हती, ही हकीकत तिनं कितीतरी संध्याकाळी पुरवली. बाईंचा निरोप आला, की सायली वर्गात हात वर करते. तो ऐकून भैरू रडले. खरोखर रडले, मी समोर होतो.

उपकार ठेवून घ्यायचे नाहीत, ही आमच्या गावाची रीत. कोंडिबाचा जाहीर सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि वर्गणी काढून आणलेला नवाकोरा मोबाईल. "ज्यानं आमची पोरं बोलती केली, त्यो मागं ऱ्हाता कामा नये," असं भैरू म्हणाले. टाळ्या थांबेनात.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला. सायली पळत येऊन कोंडिबासमोर बसली.

"तात्या, ते तुटक्या शेपटीचं पिल्लू हाय ना, ते आज..."

"हं," कोंडिबा म्हणाला. मान खाली होती.

सायली थांबली. त्यानं "मग?" म्हणावं म्हणून तिनं बराच वेळ वाट बघितली. मग हळूच तोंड मिटून घेतलं. मला फार वाईट वाटलं. मी लगेच फोटो काढून समितीच्या ग्रुपवर टाकला.

तेव्हापासून कोंडिबाची जागा रिकामी आहे. अट एकच, तासभर मोबाईल न बघता मुलाकडे बघता आलं पाहिजे. गावातून अर्ज न आल्यामुळे ती बाहेरच्यांसाठी खुली केली आहे. तुम्ही इथपर्यंत वाचलंत, म्हणजे तुम्हाला विषयाची कळकळ आहेच, म्हणून मी तुमचंच नाव सुचवणार होतो. नियमाप्रमाणे आधी तुमच्या घरी चौकशी केली. तुमचं पोर म्हणालं, "थांबा हं, त्यांनी मान वर केली की विचारतो."