पाच डबे शांतता

सासूबाईंना सलग तीन रात्री गाढ झोप लागली आणि चौथ्या दिवशी सकाळी सूनबाईंची उडाली.

झोपेचं श्रेय 'निवांत'चं. निवांत म्हणजे उशाशी ठेवायचा पांढरा, गुळगुळीत डबा. बाहेरचा गोंगाट हा डबा ऐकतो, त्यावर उलटा आवाज सोडतो आणि खोली शांत करतो, असा कंपनीचा दावा होता. दावा लिहिला होता सूनबाईंनीच. त्या कंपनीच्या प्रसिद्धीप्रमुख होत्या. ऑफिसात त्यांना सगळे घोषणाबाई म्हणत, कारण चहा मागवतानाही त्या जाहिरातीसारखं बोलत. बाजारात यायच्या आधी घरात वापरून बघावा म्हणून एक डबा त्यांनी सासूबाईंच्या उशाशी ठेवला होता.

"काय गं जादू केलीस!" सासूबाई म्हणाल्या. "पहाटे खालची पाण्याची मोटर लागली की नाही, तेसुद्धा कळलं नाही बघ मला."

घोषणाबाईंनी ते वाक्य लगेच मोबाईलमध्ये टिपून घेतलं. अशी वाक्यं त्यांना एरवी स्वतः रचावी लागत.

तेवढ्यात नवरा डबा उलटासुलटा करत बाहेर आला. तो शाळेत विज्ञान शिकवायचा आणि घरी आल्यावरही थांबायचा नाही.

"अगं, चार्जिंगला लावावा म्हटलं. पण वायर खुपसायची कुठे?"

"मागे भोक असेल."

"मागे नाही, पुढे नाही, खाली नाही. आणि हा तुमचा निळा दिवा." त्याने नखाने दिवा खरवडला. दिवा सोलून आला आणि त्याच्या बोटाला चिकटला. "स्टिकर आहे, बाईसाहेब."

मग त्याने डबा कानाशी धरून हलवला. आतून सळसळ ऐकू आली.

ती सळसळ घोषणाबाईंनी ओळखली. जाहिरातीचे फोटो काढायला असे डबे बनवून घेतले होते. नुसतं प्लॅस्टिक. हातात धरल्यावर वजन खरं वाटावं म्हणून आत वाळू. त्यातला एक नजरचुकीने घरी आला, इथपर्यंत एक वेळ ठीक. पण ज्या खोक्यातून त्यांनी तो उचलला, त्याच खोक्यातले पाच डबे गेल्या आठवड्यात पाच समीक्षकांकडे गेले होते. उद्या सकाळी अकरा वाजता निवांत बाजारात येणार होता. आणि मालकांसमोर घोषणाबाई छातीठोकपणे बोलून बसल्या होत्या, "पाचातल्या एकाने जरी वाईट लिहिलं, तरी मी खुर्ची सोडते." मालकांनी नुसती मान डोलावली होती. असलं बोलणं मालक जन्मात विसरत नसत.

"वाळू असू दे नाहीतर माती असू दे," सासूबाई आतून ओरडल्या, "माझा डबा जागेवर ठेवा!"

घोषणाबाई स्वयंपाकघरात शिरल्या, दार लोटलं आणि फोन हातात घेतला. युक्ती तयार होती. सुधारित यंत्र आलंय, जुना डबा परत द्या, नवा घ्या. कुणाला पत्ता लागायचा नाही.

पहिला फोन मोबाईलवर यंत्रांचे व्हिडिओ करणाऱ्याला. लाखो लोक त्याला विचारल्याशिवाय साधा दिवासुद्धा विकत घेत नसत.

"परत कशाला? कालच व्हिडिओ टाकला मी! बॅटरीवर तर आपण फिदा आहोत, मॅडम."

"किती चालली?"

"अजून चालूच आहे! आठवडा झाला, एकदाही चार्ज केला नाही."

दुसरा फोन मोठ्या वर्तमानपत्राच्या संपादिकाबाईंना. "अहो, आजच छापून आलंय. फक्त तो निळा दिवा रात्री जरा डोळ्यांवर येतो. मंद करता आला तर बघा."

तिसरा समीक्षक कडकपणाबद्दल प्रसिद्ध होता. "मी एक गुण कापलाय हं, आधीच सांगतो. चालू केल्यावर अगदी बारीक गुणगुण येते. खोटं कौतुक आपल्याला जमत नाही."

चौथ्याला आधी डबाच आठवेना. "कुठला? अच्छा, तो! अजून खोकं फोडलं नाही हो. असं करा, चार ओळी तुम्हीच लिहून पाठवा. संध्याकाळी टाकतो, खाली माझं नाव घालून."

ही माणसं लोकांना सांगतात काय घ्यावं आणि काय घेऊ नये. आणि लोक ऐकतात, रांगा लावतात. घोषणाबाईंना खरं तर संताप यायला हवा होता. पण त्यांनी संपादिकाबाईंचा लेख उघडून पाहिला, तर निम्मी वाक्यं त्यांच्याच पत्रकातली. स्वतःच्याच वाक्यांवर माणूस रागावणार तरी किती? उलट त्यांना हायसं वाटलं. चार निभावले.

पाचव्याला फोन लावायच्या आत त्याचाच आला. हा पंखे आणि रेडिओ दुरुस्त करणारा. गर्दीच्या रस्त्यावर त्याचं हातभर दुकान होतं, आणि एका लहानशा दैनिकात तो आठवड्यातून एकदा यंत्रांबद्दल लिहायचा.

"बाई," तो म्हणाला, "वाळू चांगली बारीक आहे. चाळून घेतलीत वाटतं?"

अर्ध्या तासात घोषणाबाई त्याच्या दुकानात उभ्या होत्या. फळीवर डबा पोट फाडून ठेवलेला, शेजारी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर वाळूचा नीट ढीग.

"मी यंत्र आधी उघडतो, मग लावतो," दुरुस्तीवाला म्हणाला. "जुनी खोड आहे."

"लेख लिहिलात?"

"दिलासुद्धा. उद्या सकाळी येईल."

"चुकून फोटोचा डबा आला हो! खरं यंत्र आणते. ते बघा, मग हवं ते लिहा."

"आणा की. चाललं तर चाललं असं लिहीन. माझं काय तुमच्याशी वैर आहे?"

घोषणाबाई रिक्षाने ऑफिसात गेल्या. इंजिनियरच्या टेबलावर खरी यंत्रं ओळीने मांडलेली होती. त्यांनी एक उचललं.

"मॅडम, थांबा, ते अजून..." इंजिनियर घास हातात धरून उठला.

"वेळ नाही!"

दुरुस्तीवाल्याने ते यंत्रही आधी उघडलं, बघितलं, बंद केलं आणि मग लावलं. क्षणभर रस्ता नाहीसा झाला. हॉर्न, हातगाड्या, शेजारच्या गिरणीची घरघर, सगळं विरलं. घोषणाबाईंचा चेहरा उजळला. त्या तोंड उघडून काहीतरी सुंदर बोलणार, तोच यंत्राने अशी काही किंकाळी फोडली की पंखा घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाने तो स्वतःच्याच पायावर टाकला. रस्त्यावरची चार कुत्री दुकानाच्या तोंडाशी येऊन यंत्राला साथ देऊ लागली. दुरुस्तीवाल्याने वायर उपटली.

कुत्र्यांना गप्प व्हायला आणखी थोडा वेळ लागला.

"बाई," तो कान चोळत म्हणाला, "वाळूवालं बरं होतं."

घोषणाबाईंनी तिथूनच इंजिनियरला फोन लावला. "अरे, खरं यंत्र बोंबलतंय!"

"तेच सांगतोय मी दोन महिने. मालक म्हणाले, बाईंशी बोल. तुम्ही म्हणालात, नकारात्मक बोलू नकोस."

"आणि ते पाच डबे? गोदामातून चुकून गेले ना?"

"चुकून नाही गेले, मॅडम. मीच भरून दिले. म्हटलं, निदान कुणाचे कान तरी फुटणार नाहीत. मला तीन महिने द्या, मी याचं ओरडणं बंद करून दाखवतो. पण देतं कोण?"

घोषणाबाई दुकानातल्या स्टुलावर बसल्या. उद्या ही किंकाळी शेकडो घरांत जाणार होती, शेकडो म्हाताऱ्यांच्या उशाशी. आणि सोबत छापलेलं असणार होतं त्यांचं वाक्य. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना घोषणा सुचेना.

दुसऱ्या दिवशी सभागृह खच्चून भरलं. चौघे समीक्षक पहिल्या रांगेत. दुरुस्तीवाला कडेला, हातात घडी केलेला अंक. मालकांनी चौघांचीही वाक्यं वाचून दाखवली आणि माईक घोषणाबाईंच्या हाती दिला.

"तुम्ही आत्ता ऐकलंत ते वाळूचं कौतुक होतं," घोषणाबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच खणखणीत. "आम्ही पाठवलेल्या डब्यांत यंत्र नव्हतंच. एकानेच उघडून पाहिलं, त्याचा लेख आज आलाय, तो वाचा. खरं यंत्र अजून ओरडतं. आमचे इंजिनियर ते तीन महिन्यांत नीट करतील, तोवर एकही विकणार नाही. आणि मी खुर्ची सोडते."

मालक माईक हिसकायला पुढे झाले. पण त्याआधीच व्हिडिओवाला उभा राहून टाळ्या पिटू लागला.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं! म्हणून तर मी गमतीत साथ दिली!"

"माझी गुणगुण म्हणजे इशाराच होता," कडक समीक्षक म्हणाला. "जाणकारांनी ओळखलाच असेल."

"काय मोहीम आहे!" संपादिकाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "इतकं प्रामाणिक मी आजवर काही पाहिलं नाही."

सगळं सभागृह उठून उभं राहिलं. माईककडे निघालेला मालकांचा हात वाटेतच वळला आणि घोषणाबाईंच्या पाठीवर थोपटू लागला.

आठवडाभर 'वाळूची मोहीम' सगळीकडे गाजली. तीन महिन्यांनंतरच्या यंत्रासाठी आत्ताच नावं नोंदवली जाऊ लागली. इंजिनियरला त्याचे तीन महिने मिळाले. घोषणाबाईंनी राजीनामा नेऊन दिला, तर मालकांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "झकास उतरलाय. हाही छापू." खुर्ची सुटेना.

शनिवारी दुपारी दुरुस्तीवाल्याचा फोन आला.

"बाई, तीस वर्षं यंत्रं उघडतोय. जे दिसलं तेच लिहिलं. आणि आता दुकानात येणारा जो तो डोळा मिचकावून विचारतो, कंपनीत कधी लागलात? काल एक जण तर पंखा परत घेऊन गेला. म्हणे, तुम्ही जाहिरातवाले!"

"छे छे, हा अन्याय आहे," घोषणाबाई उसळून म्हणाल्या. "मी आजच पत्रक काढते. तुमचा आमच्याशी काडीचाही संबंध नाही, असं स्पष्ट लिहिते."

"नको हो, बाई!" दुरुस्तीवाला केविलवाणा ओरडला. "तुम्ही लिहिलंत तर त्यांची खात्रीच पटेल!"