हत्तीच्या मापाचं घर

एका जंगलात, बाळांनो, भुरोबा नावाचं एक उदमांजर राहत होतं. जंगल होतं बाली बेटावरचं. तिथं घर कुणी मनाला येईल तसं बांधत नसे. घराचं डोकं डोंगराकडे; तिथं देवघर. पाय समुद्राकडे, तिथं चूल आणि उकिरडा. आणि माप मालकाच्या अंगाचं. त्याची वीत, त्याचा हात, त्याचं पाऊल. वर प्रत्येक मापात थोडं जास्त धरायचं. ते घराच्या जिवासाठी.

भुरोबाचं घर त्यामुळे भुरोबाएवढंच होतं. त्याची बायको पिंगळा त्यात सुखी होती. भुरोबाही होता. पण शेजारच्या साळिंदरानं माप देताना काटे फुलवले आणि दुप्पट मोठं घर बांधून घेतलं. तेव्हापासून भुरोबाला अन्न गोड लागेना.

तो घोरपडशास्त्र्यांकडे गेला. जंगलातल्या घरांची मापं तेच घेत. मोठं घर हवं, पण शास्त्र मोडायचं नाही, असं त्यानं सांगितलं.

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. "अंगाचं माप घ्या, एवढंच शास्त्र सांगतं," ते म्हणाले. "अंग कुणाचं आणायचं, ते यजमानांनी बघावं."

भुरोबानं गजाप्पा हत्तीला आणलं. गजाप्पा भला. पाऊल टाका म्हटलं, टाकलं. सोंड लांब करा म्हटलं, केली. कशासाठी, ते त्यानं विचारलं नाही.

जुनं घर पाडून त्याची माती नव्याच्या पायात भरली. वास्तुशांतीला सारं जंगल जेवलं. साळिंदर न जेवता उठून गेलं. भुरोबाचं पोट त्यानंच भरलं.

पाहुणे गेल्यावर दोघांनी दार लोटून पाहिलं. ते हलेना. पलंगावर चढता येईना. छप्पर इतकं उंच की पाऊस तिरपा होऊन थेट अंथरुणात. पिंगळाला हुडहुडी भरली. ती अंथरूण घेऊन जिन्याखाली गेली. भुरोबा तिचे पाय चोळत बसला. त्याला जुन्या घराची फार आठवण आली.

एके सकाळी गजाप्पा सहज चौकशीला आला. न वाकता दारातून आत शिरला. पलंगावर आडवा झाला. पाय बरोबर कडेला आले.

"भुरोबा," तो गहिवरून म्हणाला, "जन्मात कुणी माझा एवढा विचार केला नव्हता."

आणि तो राहिलाच.

भुरोबानं पंचांकडे दाद मागितली. पंचांनी घोरपडशास्त्र्यांना विचारलं. ज्याच्या मापाचं घर, तोच मालक, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. गजाप्पाला वाईट वाटलं. मनानंही तो मोठाच. जिन्याखालची जागा त्यानं नवराबायकोला कायमची देऊन टाकली.

पिंगळानं तिथं चूल मांडली. जागा आटोपशीर होती. ती आठवड्यात बरी झाली. भुरोबा आता आल्यागेल्याला घर दाखवतो. साळिंदर आलं, की जरा सावकाश दाखवतो.

तात्पर्य: घर बांधावं तर थोरामोठ्यांच्याच मापानं. आपल्या मापाची जागा जिन्याखाली निघतेच.