एकच तर पॅकेज

एका जंगलात नदी नव्हती. ती डोंगरापलीकडे होती आणि वाटेत लांडगे होते. म्हणून जंगलाने विहीर खणली आणि तिच्यावर पंप बसवला. पंप हौदात पाणी टाकी, जनावरं हौदावर पीत. मुलांनो, हसू नका. तुमच्या नळाला पाणी कुठून येतं, ते तरी तुम्हाला कुठे ठाऊक आहे?

पंप कॉम्प्युटरवर चाले. त्यात लिनक्स होतं, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली. लिनक्सचे प्रोग्रॅम पॅकेज म्हणून मिळतात. जंगलात त्यांची दोन कोठारं होती. जुन्या, पारखलेल्या पॅकेजांच्या कोठाराला स्टेबल म्हणत. नव्या, अजून चाचणीत असलेल्यांच्या कोठाराला टेस्टिंग. एका मशीनला एकच कोठार, असा नियम होता.

कॉम्प्युटर रंगोबा मुंगसाकडे होता. पाणी रोज येई, म्हणून त्याला कोणी विचारत नसे. हे त्याला सलायचं.

भर वैशाखात वाघ विहीर बघायला येणार असं ठरलं. रंगोबाने टेस्टिंगमधलं एक पॅकेज हेरलं. त्यात विहिरीची पातळी पडद्यावर रंगीत लाटांनी दिसे.

काशी सांबरीण हौदाशी बसली होती. शेजारी तिचं कालच जन्मलेलं पाडस.

"पाणी येतंय ना रोज? मग कशाला हात लावतोस?"

"काशीबाई, एकच तर पॅकेज घेतोय. बाकी सगळं स्टेबलच."

"त्याला एकट्याला करमेल का तिथं?"

"तुम्ही पाला खा."

पॅकेज एकटं आलं नाही. त्याला नवी लायब्ररी लागली. लायब्ररी म्हणजे सगळे प्रोग्रॅम ज्यावर उभे असतात तो पाया. पंपाचा प्रोग्रॅम जुन्या पायावरचा. दोघांचं जमेना. कॉम्प्युटरने सरळ लिहून विचारलं, पंपाचा प्रोग्रॅम काढावा लागेल, काढू?

रंगोबाने वाचलं नाही. हुशार माणसं वाचत नाहीत, मुंगसं कशी वाचतील? त्याने 'होय' दाबलं.

पडद्यावर लाटा आल्या. पंप थांबला. संध्याकाळपर्यंत हौद कोरडा पडला.

"जुनं परत घाल," काशी म्हणाली.

"मग लाटा जातील. उद्या महाराज येणार."

"मला पाणी नाही, तर याला दूध कुठून यायचं?"

"परवापर्यंत कळ काढा."

सकाळी वाघ आला. पिण्याचं पाणी त्याने गुहेतून आणलं होतं. त्याने पडदा पाहिला. पाणी कोणी उपसलंच नव्हतं, त्यामुळे पातळी चांगलीच चढली होती.

"विहीर वाढली की रे," वाघ म्हणाला.

"आपली कृपा, महाराज."

वाघाने जंगलातले सगळे कॉम्प्युटर रंगोबाच्या हाताखाली दिले.

काशी तोवर पाडसाला घेऊन डोंगराकडे निघाली होती. दिवस कलल्यावर ती परत आली. एकटी. तिला कोणी काही विचारलं नाही. सगळे लाटा बघत होते.

तात्पर्य: चालू पंपाला कोणी हार घालत नाही. म्हणून मुलांनो, बढती हवी असेल तर स्टेबलमध्ये टेस्टिंग मिसळा, न वाचता होय म्हणा आणि साहेबाला पडदा दाखवा. हौदाकडे नेऊ नका. पाडसं काय, पुढच्या वर्षीही होतात.