टोप्यांची मोजणी

भुजंगशेटच्या दुकानात एकशे दहा पांढरे पटके पडून होते, आणि गेल्या दोन बाजारांत त्यांतला एकही हलला नव्हता. हसनाबादेत पटक्यांची दुकानं दोनच. एक त्याचं, दुसरं समोर धर्मराजचं. तरणी माणसं पटका सोडून टोपी घालू लागली होती, हे दोघांनाही दिसत होतं. धर्मराजनं आधी टोप्या मांडल्या तर आपलं कसं होणार, या काळजीनं भुजंगला भाकर गोड लागेना.

"मंग फाडा की पटके. मी टोप्या शिवते," त्याची बायको तुळजाबाई म्हणाली.

"आन् पुन्हा पटक्याचे दिवस आले तर? फाडलेला पटका जोडता येत न्हाई. आधी बराबर अंदाज घेतो."

पण धर्मराजला सुगावा लागता कामा नये. म्हणून बाजाराच्या दिवशी त्यानं मेहुण्याची काळी शेरवानी चढवली, मेहुण्याचाच चष्मा लावला आणि वेशीबाहेर लिंबाखाली वही घेऊन बसला. एक टोपी गेली की एक रेघ. टोपीवाले चपापून बघत, पाऊल उचलत. शेवटी पिंपळगावच्या कचरूनं अदबीनं विचारलं, "साहेब, टोप्या कशापायी लिहून राह्यले?"

भुजंगला वाटलं, हा धर्मराजचाच माणूस असणार.

"सांगायची मनाई आहे," तो खालमानेनं पुटपुटला आणि पुढं चौकशीला बरं म्हणून त्याचं नावगाव वहीत लिहून घेतलं.

सांजेपर्यंत दोनशे चौदा रेघा भरल्या. शंकेला जागाच राहिली नाही. काळजावर दगड ठेवून भुजंगनं कात्री उचलली आणि सगळे पटके फाडले. आठवडाभर तुळजाबाई शिवत होती.

पुढच्या बाजारी टोप्यांच्या चळती मांडून तो बसला. रस्त्यात एकही टोपी दिसेना. धर्मराजच्या दुकानापुढं मात्र नुसती रेटारेटी. तेवढ्यात कचरू आत शिरला. डोक्याला बायकोचं जुनं लुगडं गुंडाळलेलं.

"शेट, पटका द्या, जल्दी. समोरचे संपले."

"टोपी घ्या की. कालच शिवून झाल्यात."

"बिलकुल न्हाई. टोपीवर सरकारी पट्टी बसून राह्यली. हैदराबादेचा साहेब आल्ता मोजायला. काळी शेरवानी. माझं तर नावच लिहून नेलं."

"कसा होता साहेब?" भुजंगनं विचारलं.

"लई कडक. मान वर करून बोलला न्हाई."

एवढ्यात कचरूची नजर भुजंगच्या डोक्यावर गेली आणि तिथंच थांबली. भुजंगनं स्वतःचा पटका सोडून त्याला विकला. उघड्या डोक्यानं गल्ल्यावर बसवेना, म्हणून चळतीतली एक टोपी घातली. ती कानांवर उतरली.

आतून सगळं ऐकणारी तुळजाबाई बाहेर आली. तिनं शेरवानी झटकली, घडी करून त्याच्या मांडीवर ठेवली, वर वही ठेवली.

"पुढल्या बाजारी पुन्हा बसा," ती म्हणाली. "या खेपेला पटके मोजा."