भाच्याला दिलेला चेंडू

"इंद्रभान, ही एकच ओव्हर तुह्या हाती देतो," कप्तान दौलतराव म्हणाले. "गडी बाद केला त संघात तुही जागा पक्की. नाही त उद्यापासून खेळणाऱ्यायले पाणी पाज."

इंद्रभानच्या गोफणीचा धोंडा कधी चुकत नसे, पण सामन्यात चेंडू हाती येण्याची ही पहिलीच वेळ. शेलूबाजारला जिंकायला तीन धावा हव्या होत्या आणि त्यांचा शेवटचाच गडी उरला होता. अख्खं किन्हीराजा गाव बांधावर बसलं होतं. काल्याच्या कीर्तनालाही एवढी माणसं जमत नाहीत, असं पंच म्हणून उभे राहिलेले कीर्तनकार बुवाच म्हणाले, आणि तेही जरा दुखावूनच.

इंद्रभान धावत निघाला. धावता धावता त्यानं समोरच्या गड्याचं तोंड पाहिलं. हा तर गुलाब! थोरल्या बहिणीचा, रुख्मिणीचा मुलगा. ऐन वेळी कुणाच्या तरी जागी, आईसोबत बैलगाडीतून येऊन उतरलेला. भाचा मामापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता. पण भाचा भेटला की मामानं आधी त्याच्या पाया पडायचं, या रीतीला ना वय आडवं येतं, ना क्रिकेट.

इंद्रभान थांबलाच नाही. बुवांना ओलांडून, सगळी खेळपट्टी तुडवत तो गेला आणि थेट गुलाबच्या पायांवर पडला.

"हे काय करून राह्यला बे?" दौलतराव ओरडले.

पाया पडल्यावर भाच्याचा हात रिकामा ठेवू नये. इंद्रभाननं कनवट चाचपली; तिथे तंबाखूशिवाय काही नव्हतं. हातात होता तो चेंडू. तोच त्यानं गुलाबच्या ओंजळीत ठेवला. गुलाबनं तो कपाळाला लावून खिशात घातला.

"मांग तो परत! अकोल्याहून आणला, गावात दुसरा नाही!"

"भाच्याले देल्लेलं परत मांगू? कायले पाप लावता, भाऊ? तुमीच मांगा न!"

"मी कसा मांगू? रुख्मिणी मले राखी बांधते. मी बी त्याचा मामाच..."

बोलता बोलता दौलतरावांच्या ध्यानात आलं, की आपण अजून पाया पडलो नाही. ते वाकले. मग यष्टिरक्षक वाकला. गावची लेक म्हणजे साऱ्यांचीच बहीण. बघता बघता उरलेल्या मामांची रांग लागली. सीमेवरचा एक जण तर चपला काढून आला.

"तुमी खेळता, का लगन लावून राह्यले?" शेलूबाजारवाले खेकसले.

शेवटी सारे बुवांकडे वळले. निकाल द्यायला बुवांनी डोळे मिटले. पण समोर एवढी माणसं आयती बसलेली. त्यांना राहवलं नाही. त्यांनी खड्या आवाजात नामाचा गजर धरला. बांधावरून टाळ्यांचा ठेका सुरू झाला. शेलूबाजारचे गडीही मांडी घालून बसले.

अर्ध्या घटकेनं बुवा मुद्द्यावर आले. "देल्लं ते भाच्याचं झालं. आता भाच्याची खुशी असंल त खेळापुरतं तो दील. अन् इंद्रभान, पाथरवट दगडाले आधी हात जोडते, मंग छिन्नी हानतेच ना? हानल्याबिगर देव कसा दिसंल? तुहं पाया पडणं झालं. आता आपलं काम कर."

"घ्या मामा," गुलाब हसून म्हणाला. "पण खेळ झाला का माहा मले द्या."

इंद्रभाननं डोळे पुसले, हात जोडले आणि चेंडू सोडला. मधली काठी उखडून यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून गेली.

गाव नाचलं. इंद्रभानला खांद्यावर घेतलं. त्या गलक्यातही रुख्मिणीचा आवाज त्याला ऐकू आला, "काहून रे इंद्रभान, आधी पाया पडतं अन् मंग माह्या पोराले बाद करतं?"

दौलतरावांनी शब्द पाळला. इंद्रभानची जागा कायमची पक्की झाली. त्या साली किन्हीराजाचा संघ त्यानंतर एकही सामना हरला नाही. कारण चेंडू शेलूबाजारला गुलाबच्या देव्हाऱ्यात होता, आणि तो मागायला जाईल असा एकही मामा गावात नव्हता.