पहिला लेख आणि सुक्या बोंबलाचं पुडकं

"भाऊजींचा कागदन् कागद मी जपलाय," असं माईंनी फोनवर ठणकावलं होतं, म्हणून तर मेघाली मुंबईहून शिरगावला आली. माईंचे दीर विश्राम बोईसरच्या कारखान्यात पंप सांभाळता सांभाळता जन्मभर जॅझवर लिहीत राहिले आणि गेल्या साली गेले. त्यांच्या लेखांचं पुस्तक ती काढत होती. सोमवारी छपाई, आणि पहिला लेखच सापडत नव्हता.

माईंनी डांबरगोळ्यांची ट्रंक दिमाखात उघडली. आत जाडजूड इंग्रजी ग्रंथ. मेघालीने एक चाळला, दुसरा चाळला.

"माई, ही पंपांची माहितीपुस्तकं आहेत."

माईंची शाळा दुसरीत सुटली, पण अक्कल कुणाकडून उसनी आणली नव्हती. परदेशी वाजंत्रीवर माणूस लिहिणार तो इंग्रजीतच. म्हणून इंग्रजी ते ट्रंकेत गेलं, आणि मराठी मासिकांचे पातळ, पिवळे अंक गेल्या मंगळवारी गोजराबाईच्या पाटीत. सातपाटीची गोजराबाई दारावर सुकी मासळी आणायची आणि पुडक्यांना रद्दी न्यायची.

दोघी रिक्षाने सातपाटीला धावल्या. गोजराबाई बाजारात त्याच गठ्ठ्यावर बूड टेकून बसली होती. रद्दीमागे कुणी रिक्षा करून येत नाही, एवढं तिला कळत होतं.

"तुमच्या वाडीतले टोपलीभर चिकू लागतील."

"माझ्याच रद्दीला? अर्धी देईन."

"दिलीत तवाच ती माजी झाली, माई."

माईंनी तिच्या मागच्या खेपेच्या ओलसर सुकटीचा उद्धार केला आणि तडक पाठ फिरवली. चार पाट्या पुढे जाऊन नको असलेल्या पापलेटाला नावं ठेवली, एका मांजराला झापलं. मेघाली रडकुंडीला आली. माई डुलत डुलत परत आल्या.

"पाऊण टोपली. ऊठ आता."

गोजराबाई उठली. पण गठ्ठ्यात पहिला लेख नव्हताच. तो शेजारच्या पाटीत बोंबलांभोवती गुंडाळलेला निघाला. मेघालीने तो सोडवून मोठ्यांदा वाचला:

"हे संगीत मला आमच्या वहिनींनी उलगडून दिलं. पहिली रेकॉर्ड ऐकून त्या म्हणाल्या, हा वाजवत नाही, सातपाटीला मासळीचा भाव करतो. तडकून उठतो, चार पाट्या फिरतो, नको त्याला झापतो, आणि परत तिथंच येऊन बसतो."

ती रेकॉर्ड ऐकली त्या दिवशी भाऊजी हसत सुटले होते, आणि आपल्यालाच हसले म्हणून माई महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

पदराने नाक पुसून त्या म्हणाल्या, "गोजरे, भरून टोपली पाठवते."

"नको. अर्धीच द्या," गोजराबाई म्हणाली. "शिकलेल्या माणसानं आमचा बाजार लिवला."

"मी सांगते ना, भरून."

"माज्या दारात आणलीत तर परत पाठवीन."

माईंनी तडक पाठ फिरवली आणि पापलेटांकडे निघाल्या. मेघाली एका उपड्या टोपलीवर बसली. आता तिला घाई नव्हती.